नर्सियाचा बेनेडिक्ट : एकांत आणि उघडें दार

खेड्यांतील मंडळ्यांस भेटी देत असतां एक प्रश्न आमच्या कानीं वारंवार येतो. शेजारपाजारचे लोक आमच्या ख्रिस्ती बांधवांस म्हणतात कीं, तुमच्या धर्मांत गायन आहे, उपदेश आहे, शाळा आहे, दवाखाना आहे. परंतु देवाजवळ मुकाट्यानें बसणारा मनुष्य तुमच्यांत कोठें दिसत नाहीं. दुसऱ्या बाजूनें आमचे उपदेशक बंधु सांगतात कीं, चार गांवें पायांखालीं घालून, तंटे मिटवून, आजाऱ्यांची विचारपूस करून रात्रीं घरीं परतलें म्हणजे गुडघे टेकण्याचेंहि त्राण अंगांत उरत नाहीं. पहिल्यांस वाटतें कीं आम्हांस एकांत ठाऊकच नाहीं. दुसऱ्यांस तो ठाऊक आहे, पण मिळत नाहीं.

ह्या दोघांकरितां आज आम्ही सुमारें पंधराशें वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या एका पुरुषाचें चरित्र सांगतों. त्याचें नांव बेनेडिक्ट. हा मनुष्य लोकांपासून पुनःपुन्हां दूर गेला, आणि देवानें त्यास पुनःपुन्हां लोकांकडे परत पाठविलें. शेवटीं त्यानें असें एक घर उभारिलें कीं, ज्यांत शांतता व पाहुणा हीं दोन्ही एकाच छपराखालीं राहूं शकलीं. आम्ही प्रॉटेस्टंट लोक. मठाचें नांव काढतांच आमच्या मनांत शंका उभी राहते, व ती अगदींच निराधार आहे असें नाहीं. तिचा विचार शेवटीं करूं. आधीं मनुष्य पाहूं.

बेनेडिक्टाची माहिती आपणांस मुख्यतः एकाच पुस्तकांतून मिळते. रोमचा बिशप ग्रेगरी ह्यानें तें इ. स. ५९३ च्या सुमारास, म्हणजे बेनेडिक्टाच्या मृत्यूनंतर अर्धशतकाच्या आंत, लिहिलें. त्याच्या चार शिष्यांच्या तोंडून आपण हा वृत्तांत ऐकला असें ग्रेगरी नमूद करितो. त्यांत चमत्कारांच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांपैकीं कांहीं आम्ही येथें देतों त्या एवढ्याचसाठीं कीं, त्यांत त्या पुरुषाचा स्वभाव आरशांतल्याप्रमाणें दिसतो. आमच्या विश्वासाचा पाया अशा कथा नसून प्रभु येशू ख्रिस्त हाच आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

बेनेडिक्टाचा जन्म इ. स. ४८० च्या सुमारास इटली देशांतील नर्सिया ह्या डोंगराळ गांवीं एका सुखवस्तु घराण्यांत झाला. तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. ४७६ सालीं पश्चिमेकडील शेवटला रोमन बादशहा पदच्युत झाला होता, आणि पुढें लवकरच गॉथ लोकांचे राजे इटलीवर राज्य करूं लागले. जुनी व्यवस्था मोडली होती व नवी अद्याप बसली नव्हती. अशा वेळीं आईबापांनीं मुलास विद्येकरितां रोम शहरीं पाठविलें. तेथें त्यानें पाहिलें कीं, सोबतचे कित्येक विद्यार्थी दुर्व्यसनांत बुडाले आहेत. थोडीशी विद्या पदरीं पाडतांना आपलाहि जीव त्याच खड्ड्यांत जाईल असें त्यास भय वाटलें. तेव्हां त्यानें पुस्तकें टाकिलीं, बापाच्या संपत्तीवर पाणी सोडिलें, आणि लहानपणापासून सांभाळणाऱ्या दाईला तेवढी बरोबर घेऊन तो एन्फिदे नांवाच्या खेड्यांत जाऊन राहिला.

तेथें एक लहानशी गोष्ट घडली. दाईनें शेजारणीकडून गहूं पाखडण्याचें एक पात्र उसनें आणिलें होतें. तें मेजावरून पडून त्याचे दोन तुकडे झाले. गरीब बाई रडूं लागली. उसनी वस्तु मोडली म्हणजे जिवाला काय वाटतें हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. बेनेडिक्टानें ते तुकडे हातीं घेतले व अश्रु ढाळून प्रार्थना केली. उठून पाहतो तों पात्र सबंध झालेलें, असें ग्रेगरी सांगतो. गांवच्या लोकांनीं तें पात्र देवळाच्या दाराशीं टांगून ठेविलें आणि जो तो ह्या तरुणाची वाहवा करूं लागला. रोमच्या पापास तो भ्याला होता. आतां तो ह्या स्तुतीसहि भ्याला. दाईलाहि न कळवितां तो एकटा निघून गेला.

रोमपासून सुमारें ४० मैलांवर सुबियाको हें ठिकाण आहे. तेथें डोंगराच्या कड्यांत एक अरुंद गुहा होती. वाटेंत त्यास रोमानुस नांवाचा एक मठवासी भेटला. त्यानें बेनेडिक्टाचा हेतु ऐकून घेतला, त्यास मठवासीयाचीं वस्त्रें दिलीं व ही गोष्ट कोणास सांगितली नाहीं. त्या गुहेंत बेनेडिक्ट ३ वर्षें राहिला. रोमानुसाचा मठ कड्याच्या माथ्यावर होता व तेथून खालीं उतरावयास वाट नव्हती. म्हणून रोमानुस आपल्या वांट्याच्या भाकरीतून कांहीं भाग वांचवी, ठरलेल्या दिवशीं तो लांब दोरीला बांधून खालीं सोडी, आणि दोरीला एक लहानशी घंटा बांधी, म्हणजे तिच्या आवाजानें खालच्यास कळे.

ह्या दोरीकडे वाचकांनीं नीट पाहावें. जगाचा सर्व संबंध तोडून गेलेला हा तरुण देखील दुसऱ्याच्या अर्ध्या भाकरीवर जगत होता. गुहेंत बसणारा एक, तर उपाशी राहून दोरी सोडणारा दुसरा. पहिल्याचें नांव जगभर झालें. परंतु दुसरा नसता तर पहिला त्या गुहेंतच मेला असता.

पुढें काय झालें तें आम्हांस ह्या सबंध चरित्रांतील फार अर्थपूर्ण प्रसंग वाटतो. दूर एका ठिकाणीं राहणाऱ्या धर्मगुरूनें पुनरुत्थानाच्या सणाचें जेवण सिद्ध केलें होतें. आपला एक सेवक डोंगरांत भुकेला आहे असें प्रभूनें त्यास दर्शन देऊन कळविलें. तेव्हां तो तेंच अन्न घेऊन दऱ्याखोऱ्यांत शोधीत निघाला, व अखेर त्यास बेनेडिक्ट सांपडला. दोघांनीं मिळून प्रार्थना केली. धर्मगुरूनें जेवणाची गोष्ट काढून आज सण असल्याचें सांगितलें, तेव्हां आज पुनरुत्थानाचा दिवस आहे हें बेनेडिक्टास ठाऊकच नसल्याचें दिसून आलें! मनुष्यांपासून तो इतका दूर गेला होता कीं, ज्या प्रभूसाठीं तो गेला त्याच्या उठण्याचा दिवसहि तो विसरला. तो दिवस त्याला पुन्हां कळला तो एका भावाच्या तोंडून आणि एका जेवणाच्या पानावर. बंधूंनो, एकांत चांगला. पण मंडळीवांचून एकांतांत पुनरुत्थानाचा रविवारसुद्धां हातचा निसटतो.

त्याच सुमारास कांहीं धनगरांनीं त्यास झुडपांतून पाहिलें. अंगावर कातडीं असल्यामुळें प्रथम त्यांस तो कोणी रानटी पशु वाटला. मग त्यांनीं त्यास ओळखिलें, व ते त्याच्याकडे येऊं लागले. ते शरीरासाठीं अन्न आणीत आणि जिवासाठीं अन्न घेऊन जात. त्याचा पहिला श्रोतृसमुदाय तो हाच. रोमचे पंडित नव्हेत, तर मेंढरांमागें फिरणारे अशिक्षित लोक.

एकांतांत गेलें म्हणजे मोह मागें राहतो असें कोणास वाटत असेल तर तें खरें नव्हे. पूर्वीं पाहिलेल्या एका स्त्रीची आठवण बेनेडिक्टास इतकी छळूं लागली कीं, गुहा सोडून परत जावें असें त्याच्या मनांत आलें. तेव्हां त्यानें जवळच्या कांट्यांत व खाजकुइलीसारख्या झुडपांत अंग टाकून लोळण घेतली, आणि त्या वेदनेनें तो मोह जिंकिला. शरीरास असें कष्टविणें आम्ही कोणास शिकवीत नाहीं. परंतु मन आपल्याबरोबर गुहेंतहि येतें, व शांत बसूं लागतांच तें अधिक मोठ्यानें ओरडूं लागतें, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. त्यामुळें कोणीं खचून जाऊं नये.

आतां त्याची कीर्ति पसरली. एका मठाचा मुख्य वारला होता. तेथील मठवासी येऊन आपला मुख्य हो म्हणून त्याच्या पाठीस लागले. तुमची चाल व माझी चाल जुळणार नाहीं असें त्यानें पुष्कळ सांगितलें, परंतु अखेर त्यानें मान्य केलें. थोड्याच दिवसांत त्या लोकांस त्याची शिस्त असह्य झाली आणि त्यांनीं त्याच्या द्राक्षारसांत विष घातलें. रीतीप्रमाणें आशीर्वादासाठीं पात्र पुढें केलें व त्यानें वधस्तंभाची खूण केली, तोंच तें पात्र फुटलें. बेनेडिक्ट रागावला नाहीं. देव तुम्हांस क्षमा करो एवढें म्हणून, तुमच्या मनाजोगा मुख्य तुम्हीं शोधावा असें सांगून तो आपल्या एकांतांत परत गेला. जो उपदेशक एका मंडळीकडून नाकारला गेला आहे, त्यानें हें ध्यानांत घ्यावें कीं, मठांचा हा थोर पुरुष आपल्या पहिल्या मठांत अयशस्वी झाला.

परंतु देवानें त्यास पुन्हां एकटें राहूं दिलें नाहीं. शिष्य जमत गेले. सुबियाकोच्या परिसरांत त्यानें १२ मठ स्थापिले व प्रत्येकांत १२ मठवासी ठेविले. रोमचे उमराव आपलीं मुलें त्याच्या हवालीं करूं लागले. त्यांपैकीं मौरुस व प्लासिदुस हीं नांवें प्रसिद्ध आहेत. पण त्याच्या घरांत केवळ उमरावांचीं मुलें नव्हतीं. एक गरीब गॉथ मनुष्य आला होता. त्यास तळ्याच्या कांठची झुडपें तोडण्याचें काम दिलें होतें. तो जोरानें काम करीत असतां त्याच्या कोयत्याचें पातें दांड्यांतून निसटून खोल पाण्यांत गेलें. मठाची वस्तु गमावली म्हणून तो थरथर कांपत आला. बेनेडिक्ट स्वतः तळ्यावर गेला, त्यानें दांडा पाण्यांत धरिला, आणि पातें वर येऊन दांड्यांत बसलें, असें ग्रेगरी लिहितो. मग त्यानें तें हत्यार त्या मनुष्याच्या हातीं देऊन त्यास कामास लागण्यास व दुःख न करण्यास सांगितलें. भ्यालेल्या गड्याला हातांत काम देऊन धीर देणें, ही त्याची रीत होती.

शेजारच्या फ्लोरेन्तियुस नांवाच्या धर्मगुरूस त्याचा हेवा वाटूं लागला. त्यानें विष घातलेली भाकर भेट म्हणून पाठविली. ती साधली नाहीं, तेव्हां तरुण शिष्यांस भ्रष्ट करण्याकरितां त्यानें मठाच्या बागेंत निर्लज्ज मुली नाचावयास पाठविल्या. हा सर्व रोख आपल्यावर आहे व त्यांत कोंवळे जीव नासतील हें ओळखून बेनेडिक्टानें ती जागा सोडिली. तो निघून जातो न जातो तोंच ज्या सज्जांत फ्लोरेन्तियुस आनंदानें उभा होता तो सज्जा कोसळून तो मेला. मौरुसानें ही बातमी धांवत येऊन हर्षानें सांगितली. तेव्हां बेनेडिक्टास दुहेरी दुःख झालें. शत्रु मेला ह्याचें, आणि शिष्यास त्याचा आनंद झाला ह्याचें. आनंद मानल्याबद्दल त्यानें मौरुसास प्रायश्चित्त दिलें. गांवांत ज्यांनीं आपणांस छळलें त्यांच्या घरीं संकट आलें असतां आपल्या मनांत काय येतें, हें प्रत्येकानें स्वतःशीं तपासून पाहावें.

इ. स. ५२९ च्या सुमारास बेनेडिक्ट दक्षिणेकडे कासिनो गांवाजवळच्या उंच डोंगरावर आला. हाच तो मोंते कासिनो. तेथें अपोलो दैवताचें जुनें देऊळ व राई होती, आणि भोंवतालचे शेतकरी अद्याप तेथें यज्ञ करीत. बेनेडिक्टानें मूर्ति फोडिली, राई तोडिली, आणि त्या जागीं उपासनामंदिरें बांधिलीं. मूर्ति फोडण्याची रीत त्या काळची होती. ती आमच्यासाठीं कित्ता नव्हे, कारण आम्ही कोणाच्या देवळाला हात लावीत नाहीं. कित्ता घ्यावयाचा तो त्याच्या पुढील कामाचा. मठ बांधीत असतां त्यानें त्या खेड्यांतील लोकांस सतत उपदेश केला आणि त्यांस विश्वासाकडे आणिलें. डोंगरमाथ्यावरील शांततेचें दार पायथ्याच्या शेतकऱ्यांसाठीं उघडें होतें.

येथेंच त्यानें आपली प्रसिद्ध नियमावली लिहिली. तिचीं लहान लहान ७३ प्रकरणें आहेत. मठाच्या मुख्यानें बापाप्रमाणें वागावें. त्यानें दासाच्या कुळांतून आलेल्यापेक्षां स्वतंत्र कुळांतल्यास अधिक मान देऊं नये, कारण ख्रिस्ताच्या ठायीं सर्व एकच आहेत. मठांतील क्रम कुळावरून नव्हे, तर बहुधा कोण केव्हां आला ह्यावरून लागावा. महत्त्वाच्या कामीं सर्वांस बोलावून सल्ला घ्यावा, कारण पुष्कळदां देव धाकट्यासच चांगली मसलत सुचवितो. स्वयंपाकाची सेवा आळीपाळीनें सर्वांनीं करावी. आजाऱ्यांची शुश्रूषा सर्वांत आधीं. कुदळ, खोरें, भांडीं हीं वेदीवरील पात्रांइतकीं जपावीं.

दिवसाची वांटणी त्यानें अशी केली. रात्रीं एकदां व दिवसांतून ७ वेळां सर्वांनीं एकत्र जमून देवाची स्तुति करावी, आणि आठवड्यांत सर्व १५० स्तोत्रें म्हणून व्हावीं. मधला वेळ हातांनीं काम करण्यांत व शास्त्रवाचनांत जावा. पीक कापण्याचें काम स्वतः करावें लागलें तर कोणीं खिन्न होऊं नये. स्वतःच्या हातच्या कामावर जगणारा तोच खरा मठवासी. लेंटच्या दिवसांत प्रत्येकास एकेक पुस्तक द्यावें व त्यानें तें आरंभापासून शेवटपर्यंत वाचावें. रात्रींच्या शेवटल्या प्रार्थनेनंतर कोणीं बोलूं नये. प्रार्थनागृहांत प्रार्थनेशिवाय दुसरें कांहीं होऊं नये. ज्याला एकट्याला प्रार्थना करावयाची असेल त्यानें सरळ आंत जावें व करावी, मोठ्या आवाजानें नव्हे तर अंतःकरणापासून.

ह्या शांततेच्या मध्यभागीं त्यानें पाहुण्यास बसविलें, हें सर्वांत नवल. येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्तच आला असें समजून त्याचें स्वागत करावें, विशेषतः गरिबांचें व यात्रेकरूंचें. श्रीमंतांचा दरारा त्यांस आपोआपच मान मिळवून देतो, म्हणून गरिबांची काळजी अधिक. दाराशीं एक शहाणा वृद्ध सदा असावा. कोणीं दार ठोठावतांच किंवा गरिबानें हांक मारतांच त्यानें देवाचे आभार मानून लगबगीनें उत्तर द्यावें. पाहुण्याबरोबर आधीं प्रार्थना करावी, मग शांतीचें अभिवादन. त्याला शास्त्रपाठ वाचून दाखवावा. मुख्यानें स्वतः त्याच्या हातांवर पाणी घालावें, त्याचे पाय धुवावे, आणि विशेष उपवासाचा दिवस नसेल तर त्याच्यासाठीं आपला उपवास मोडावा. त्याच वेळीं पाहुण्यांचें स्वयंपाकघर वेगळें असावें, म्हणजे अवेळीं आलेल्यांमुळें बांधवांची शांतता मोडणार नाहीं. पाहुणा मठवासी नम्रतेनें कांहीं दोष दाखवील तर मुख्यानें विचार करावा, कदाचित् प्रभूनें त्यास ह्याचसाठीं धाडलें असेल.

हे नियम कागदावर राहिले नाहींत. एकदां एक विश्वासू मनुष्य १२ सुवर्णनाण्यांच्या कर्जानें गांजून बेनेडिक्टाकडे आला. मठांत पैसा नव्हता. बेनेडिक्टानें त्यास दोन दिवसांनीं येण्यास सांगितलें व ते दोन दिवस प्रार्थनेंत घालविले. तिसऱ्या दिवशीं धान्याच्या पेटीवर अकस्मात् १३ नाणीं सांपडलीं; १२ सावकारासाठीं व एक त्याच्या स्वतःच्या खर्चासाठीं. सावकाराचा तगादा ज्यानें सोसला आहे त्याला त्या तेराव्या नाण्याची किंमत कळेल. दुष्काळांत मठांत अवघ्या ५ भाकरी उरल्या, तेव्हां खिन्न झालेल्या बांधवांस त्यानें धीर दिला. दुसऱ्या दिवशीं दाराशीं २०० मापें पीठ ठेवलेलें आढळलें, आणि तें कोणीं आणिलें हें कधींच कळलें नाहीं.

झाल्ला नांवाचा एक क्रूर गॉथ एका शेतकऱ्यास धनासाठीं हाल करीत होता. आपलें सर्व बेनेडिक्टाच्या स्वाधीन केलें आहे असें शेतकऱ्यानें सांगितलें. तेव्हां झाल्लानें त्याचे दंड दोरखंडानें बांधिले व त्याला घोड्यापुढें चालवीत मठाच्या दाराशीं आणिलें. बेनेडिक्ट दारांत एकटा वाचीत बसला होता. झाल्ला ओरडला. बेनेडिक्टानें पुस्तकावरून डोळे वर केले आणि त्या बांधलेल्या मनुष्याकडे पाहिलें. तशा त्या गांठी आपोआप सुटून पडल्या. झाल्ला भयानें त्याच्या पायांवर पडला. बेनेडिक्ट जागचा न उठतां वाचीत राहिला. त्यानें त्याला आंत नेऊन अन्न देण्यास सांगितलें, व परत आणविल्यावर असें क्रौर्य सोडण्याची ताकीद दिली. पुस्तक वाचणारा व बांधलेल्याकडे पाहणारा मनुष्य एकच होता. ज्या वाचनामुळें समोरचा बांधलेला भाऊ दिसत नाहीं, तें वाचन बेनेडिक्टाचें नव्हे. गॉथांचा राजा तोतिला भेटीस आला तेव्हांहि बेनेडिक्टानें त्याच्या दुष्कर्मांबद्दल त्यास तोंडावर बोलून दाखविलें, आणि तेव्हांपासून राजाचें क्रौर्य कमी झालें असें म्हणतात.

मठांतल्या कुळाभिमानासहि त्यानें जागा दिली नाहीं. एके संध्याकाळीं तो जेवत असतां एका अधिकाऱ्याचा मुलगा दिवा धरून उभा होता. आपण कोण आणि ह्याची चाकरी करतों काय, असा विचार त्याच्या मनांत आला. बेनेडिक्टानें तो ओळखिला, इतरांकडून दिवा काढून घेवविला, आणि त्यास मुकाट्यानें बसण्यास सांगितलें. आमच्या मंडळ्यांत पूर्वींच्या जातीचा अभिमान अशाच रीतीनें मुक्यानें हातांत दिवा धरून उभा असतो. सहभोजनाच्या पंक्तींत तो बाहेर पडतो, प्रभुभोजनाच्या पात्राशीं तो घुटमळतो. हा दिवा आपण कोणाच्या हातून काढून घेणार?

बेनेडिक्टाची बहीण स्कोलास्तिका हिनेंहि देवास आयुष्य वाहिलें होतें. वर्षांतून एकदां भाऊबहीण मठापासून थोड्या अंतरावर एका घरीं भेटत. शेवटल्या भेटींत संध्याकाळ झाली, तेव्हां रात्रभर राहून देवाच्या गोष्टी बोलाव्या असें तिनें विनविलें. नियमाप्रमाणें रात्रीं मठाबाहेर राहतां येत नाहीं असें सांगून तो उठला. तिनें हातांवर डोकें टेकून प्रार्थना केली; निरभ्र आकाशांतून असा पाऊस कोसळला कीं, कोणास उंबरठा ओलांडतां येईना. भावाला राहावें लागलें व ती रात्र दोघांनीं पवित्र संभाषणांत घालविली. तीन दिवसांनीं ती मरण पावली. ग्रेगरी म्हणतो कीं, तिची प्रीति अधिक होती म्हणून तिचें सामर्थ्य अधिक ठरलें. नियम करणाऱ्यास देवानें त्याच्या बहिणीकडून हा अखेरचा धडा दिला कीं, नियम प्रीतीसाठीं आहे.

पुढें लवकरच, परंपरेप्रमाणें २१ मार्च ५४७ रोजीं, बेनेडिक्ट वारला. सहा दिवस आधीं त्यानें आपली कबर उघडविली होती. अखेरच्या दिवशीं त्यानें आपणांस प्रार्थनागृहांत नेववून प्रभुभोजन घेतलें, आणि शिष्यांच्या हातांचा आधार घेऊन, उभ्यानें, हात वर करून प्रार्थना करीत त्यानें प्राण सोडिला. ज्यानें गुहेंत एकट्यानें प्रार्थना आरंभिली, त्याची शेवटली प्रार्थना इतरांच्या हातांनीं तोलून धरिली होती. बहिणीच्याच कबरेंत त्यास पुरलें.

त्याचा मठ अनेकदां जमीनदोस्त झाला. सहाव्या शतकांत लाँबर्ड लोकांनीं, ८८३ सालीं सारासेनांनीं, १३४९ सालीं भूकंपानें, आणि १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं दुसऱ्या महायुद्धांत दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं तो पाडिला. त्या शेवटल्या वेळीं आश्रयास आलेले पुष्कळ निरपराध लोक आंतच मेले. त्या डोंगरावर तेव्हां भारतीय चौथ्या डिव्हिजनचे शिपाई लढत होते. त्याच वर्षीं इटलीच्याच भूमीवर मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे ह्यांस वीरमरण आलें. युद्धानंतर मठ पूर्वींच्याच धर्तीवर पुन्हां उभारण्यांत आला व १९६४ सालीं त्याचें समर्पण झालें. तोडलेल्या बुंध्याला पालवी फुटावी तसें हें झालें.

आजहि बेनेडिक्टाचा नियम पाळणाऱ्या मठांत यात्रेकरु व थकलेले लोक जातात, कांहीं दिवस राहतात, व प्रार्थना करून परत येतात. तेथें जाणाऱ्यांस घंटेबरोबर स्तोत्रें ऐकूं येतात, जेवतांना कोणी बोलत नाहीं व एकजण वाचून दाखवितो, आणि संध्याकाळनंतर शांतता पसरते. आमच्या पंथाच्या लोकांसहि पुष्कळ ठिकाणीं पाहुणे म्हणून घेतलें जातें; ही त्या जुन्या दाराचीच रीत होय.

आतां आमची शंका. मठांत गेल्यानें तारण मिळतें असें आम्ही मानीत नाहीं. मार्टिन लूथर १५०५ सालीं स्वतः एका मठांत शिरला होता, आणि कष्टांनीं देव प्रसन्न होत नाहीं, तो विश्वासानेंच कृपा देतो, हें त्यानें मोठ्या दुःखानंतर जाणिलें. अनेक मठ पुढें श्रीमंत व ऐषआरामी झाले हेंहि खरें. लग्न, शेत, लेंकरें हीं देवाचीं दानें आहेत. तीं सोडल्यानें कोणी अधिक पवित्र होत नाहीं. तरी पण दुसऱ्याच्या विहिरीचें पाणी गोड असेल तर विहीर कोणाची हें पाहून तहानेनें मरणें शहाणपणाचें नव्हे. प्रभूनेंहि शिष्यांस सेवेच्या धांदलींतून एकीकडे नेऊन विसावा दिला, पण किनाऱ्यावर लोक दिसतांच त्याला त्यांचा कळवळा आला.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, तुम्हांस इटलीस जावें लागत नाहीं. पहांटे घरचीं माणसें उठण्यापूर्वीं अर्धा तास, आठवड्यांतून एक संध्याकाळ, वर्षांतून दोन दिवस शेजारच्या मंडळीच्या मंदिरांत शास्त्र व स्तोत्रें घेऊन बसणें, एवढें पुष्कळ आहे. मंडळीच्या पुढाऱ्यांनो, तुमचा उपदेशक ते दोन दिवस मागेल तेव्हां तो आळशी आहे असें म्हणूं नका. रोमानुसाप्रमाणें आपल्या भाकरीतला वांटा दोरीला बांधून त्याच्यासाठीं खालीं सोडा. मंदिराला कुलूप लावून ठेवूं नका. ज्याला एकट्याला येऊन प्रार्थना करावयाची आहे त्याला सरळ आंत जातां यावें. आणि जो शेजारी विचारतो कीं तुमच्यांत देवाजवळ मुकाट्यानें बसणारा कोण आहे, त्याला उत्तर देत बसूं नका. त्याला आंत बोलवा, पाय धुवावयास पाणी द्या, आणि आपल्याबरोबर थोडा वेळ शांत बसवा.

आमच्या एकांताची परीक्षा गुहेंत होत नाहीं. दार वाजतें तेव्हां ती होते. प्रभु आम्हांस त्याच्याजवळ बसण्यास शांत मन देवो, व उठून दार उघडण्यास जलद पाय देवो. आमेन.